बाबांचा मुंडा बाकी आहे

पत्र असं आहे, थोडं छाटून देते:

"मावशी, मी ३३ वर्षांची, मानेवाड्याला राहते, बँकेत आहे. माझे बाबा अमरावती जिल्ह्याच्या मेळघाटातले, धारणी तालुक्यातल्या एका कोरकू आदिवासी गावचे. नोकरीसाठी नागपुरात आले ते इथलेच झाले. आमच्याशी कधी कोरकूत बोलले नाहीत, गावी दोन-तीन वर्षांतून एकदा नेलं तर नेलं. दोन वर्षांपूर्वी ते गेले. आता गावाकडून काकांचा फोन येतो, दादाचा मुंडा बाकी आहे, होळीला ये, बसून ठरवू. मला ते काय असतं धड माहीत नाही आणि काकांना विचारायची लाज वाटते. नवरा म्हणतो (आमचं इंटरकास्ट आहे) हा सगळा खर्चाचा आणि अंधश्रद्धेचा कारभार. त्याचाच एक मित्र मात्र म्हणतो, तुमची चार एकर पडून आहे ना तिथे, मी पैसा लावतो, मातीच्या झोपड्यांचा होमस्टे काढू. आणि मला स्वतःला रोज वाटतं की टार्गेट, ईएमआय सगळं सोडून गावात जावं आणि साधं जगावं. माझी आत्या अजून तिथेच आहे, तिचं शांत जगणं पाहून हेवा वाटतो. काय करू? – मेळघाटची लेक"

लेकी, पत्र वाचता वाचता माझा चहा निवून गेला. तू तीन गोष्टी एकाच पिशवीत कोंबल्या आहेस, बाबांचा मुंडा, मित्राचा होमस्टे आणि तुझं ते साधं जगणं, म्हणून पिशवी फाटून राहिली. एकेक बाहेर काढू.

होमस्टे आधी, कारण त्याला पाच मिनिटं लागतात. जमीन आदिवासी खातेदाराची असेल तर ती मंजुरीशिवाय बिगर आदिवासीला विकता येत नाही, बक्षीस देता येत नाही, गहाण नाही, लीजवर पण नाही, जमीन महसूल कायद्याचं कलम ३६अ आहे त्याच्यासाठी. पाच वर्षांपर्यंतची लीज किंवा गहाण असेल तरी आधी कलेक्टरची परवानगी, त्याच्या पुढचं काही असेल तर कलेक्टरला पण सरकारची मंजुरी घ्यावी लागते. वरून धारणी आणि चिखलदरा दोन्ही तालुके राज्यघटनेच्या पाचव्या अनुसूचीतले, म्हणजे पेसा (आदिवासी भागातल्या ग्रामसभांना अधिकार देणारा कायदा) लागू, ग्रामसभा आलीच. आणि त्या चार एकरात काही भाग वनहक्क कायद्याने मिळालेल्या पट्ट्याचा असेल तर तो वारसाने मिळतो पण कुणालाच देता-विकता येत नाही, सख्ख्या भावालासुद्धा विकता येत नाही. तेव्हा तो मित्र जर म्हणत असेल की कागद तुझ्या नावावर राहू दे, आपण आपसात एक नोटरी करून घेऊ, तर त्याला चहा पाज आणि रवाना कर. असली नोटरी केलेले लोक मी पाहिले आहेत, त्यात पैसे लावणारा शेवटी नामानिराळा होतो आणि कोर्टाच्या तारखा घरच्यांच्या वाट्याला येतात.

आणि एक सांग, त्या चार एकरावर सध्या नांगर कोण धरतो? पत्रात तू लिहिलंच नाहीस. काका धरत असतील नाहीतर त्यांचा मुलगा. ज्या जमिनीवर कुणीतरी दरवर्षी पेरून राहिला तिला "पडून आहे" म्हणणं हे फक्त शहरात बसून जमतं, हे जरा टोचून सांगते, राग मानू नको.

आता मुंडा.

आमच्या ह्यांची बदली धारणीला होती तेव्हा आम्ही तीन वर्षं तिकडे काढली. माझं लग्न नवीन, वय तेवीस, आणि परतवाड्याच्या पुढे जग संपतं असं मला वाटायचं. सेमाडोह, हरिसाल करत एसटी जायची, घाटात माझी दरवेळी उलटी ठरलेली. तर शेजारच्या गावात एकदा रस्त्याच्या कडेला मोठ्या झाडाखाली मी फळ्या पाहिल्या. सागाच्या, कमरेएवढ्या, जमिनीत रोवलेल्या, एकीला टेकून एक. वर सूर्य आणि चंद्र कोरलेला, खाली घोड्यावर बसलेला माणूस. जुन्या फळ्या पावसाने राखाडी पडलेल्या, एकीचा अर्धा सूर्य उधईने खाल्लेला, आणि त्यांच्याच बाजूला एक नवी कोरी, पिवळीधम्मक, लाकडाचा वास अजून येत होता. मी विचारलं हे काय तर सोबतची म्हातारी म्हणाली, ही माणसं आहेत. माणसांची आठवण आहे असं नाही म्हणाली, माणसं आहेत म्हणाली.

तोच मुंडा. माणूस गेल्यावर लगेच होत नाही, काही महिन्यांनी, कधी काही वर्षांनी, घरात दाणा-पैसा जमला, नातेवाईक जमले की करतात, त्या विधीला सिडोली म्हणतात, गावागणिक नाव आणि रीत थोडी बदलते. हे झालं की गेलेला माणूस आधीच्या पूर्वजांच्या ओळीत जाऊन बसतो, तोपर्यंत तो मधेच कुठेतरी उभा आहे असं समजतात. म्हणून काका म्हणतात बाकी आहे. तू ते "पैसे बाकी आहेत" सारखं ऐकलंस का? ते म्हणून राहिले की माझा भाऊ अजून बाहेर उभा आहे, त्याला आत घ्यायचा आहे. तुमचे बाबा चाळीस वर्षं नागपुरात राहिले, अंत्यविधी इथेच घाटावर झाला असेल, तरी गावाने त्यांची जागा रिकामी ठेवली, हे मला फार मोठं वाटतं बाप्पा.

नवऱ्याला सांग, खर्चाचं म्हणत असशील तर आपण नागपुरात तेरवी कशी करतो ते आठव. हॉल, केटरर, तीनशे ताटं, वरून जिलबी, त्याला कुणी अंधश्रद्धा म्हणत नाही, त्याला "करावं लागतं" म्हणतात. अंधश्रद्धेबद्दल मी पण काही कच्ची नाही, ताप आला आणि पेशंटला दवाखान्यात न नेता आधी भुमकाकडे, म्हणजे गावच्या मांत्रिकाकडे, नेऊन बसवलं तर मी भांडते, धारणीत पण भांडले होते, एका बाळाच्या पायी. पण फळीवर चंद्र-सूर्य कोरल्याने कुणाचं काय बिघडतं? तरी खर्चाची हद्द आधीच ठरव, कारण जेवणावळ वाढत जाते आणि मग काका कुणापाशी तरी उसने घेतात आणि तुला सांगत नाहीत. सरळ विचार, काका, एकूण किती लागेल, आपल्या घरात अजून कुणाकुणाचा बाकी आहे, सगळ्यांचा मिळून केला तर चालतो का. घरातल्या दोघा-चौघांचा एकत्र करतात अशी चाल मी पाहिली आहे, त्यात खर्च वाटला जातो. विचारायची लाज कसली, तुझी लाज तिकडे कुणाला दिसत नाही, त्यांना फक्त एवढंच दिसतं की पोरीचा फोन येत नाही.

आता साधं जगणं. इथे मी जरा जास्त बोलणार आहे, कारण हे "साधं" मला दर दुसऱ्या पत्रात येते आणि माझं डोकं फिरते.

तू आत्याचा हेवा करतेस. तिला कोणत्या महिन्यात पाहिलंस? दिवाळीच्या सुट्टीत ना? मलाही पहिल्यांदा तेव्हाच दिसलं, पाऊस संपलेला, डोंगर हिरवे, बाजारात थाट्ये, म्हणजे तिकडचे गुराखी, घुंगरं बांधून बासरी वाजवत नाचून राहिले, त्याला घुंगरू बाजार म्हणतात, दिवाळीनंतरच्या आठवडी बाजारांत असतो. दोन्ही बाजूंनी घरांची सरळ ओळ, मधून रुंद गल्ली, बांबूच्या तट्ट्यांना शेण-मातीचा हात, कवेलूची छपरं. मला वाटलं किती शांत जगतात हे लोक.

मग मार्च आला. त्याच म्हातारीने मला मोह वेचायला नेलं. मी म्हटलं होतं येते म्हणून, हौस. पहाटे चार वाजता दार वाजवलं. कंदील घेऊन दोन-अडीच किलोमीटर चढ, मागे तिची नात, डोक्यावर टोपली. मोहाचं फूल रात्री आणि पहाटे गळतं, ऊन चढायच्या आत वेचलं नाही तर जनावरं खातात, म्हणून काही जण झाडाखालीच झोपतात. झाडाखालचा पाला आधीच झाडून ठेवलेला, पांढरी-पिवळी फुलं खाली पडलेली, रसाने चिकट, वास असा गोड की पंधरा मिनिटांनी मळमळतं. ती बसल्या बसल्या पुढे सरकत दोन्ही हातांनी वेचायची, एका लयीत, मी एक हाताने वेचून राहिली आणि दुसऱ्या हाताने कंबर धरून. अर्ध्या तासाने तिने एकदम हात वर केला, सगळ्या गप्प. खालच्या नाल्यातून घुरघुर. अस्वल. मोह त्यालाही आवडतो. म्हातारी उठली नाही, पळाली नाही, नुसती घसा खाकरून मोठ्या आवाजात नातीशी काहीतरी बोलायला लागली, तिच्या सासूच्या कुठल्या भांडणाचं असेल, आणि आम्ही सगळ्या मोठमोठ्याने बोलत राहिलो, मी तर मराठीत रामरक्षा म्हणत होते, शेवटी ते गेलं. मग तिने परत वेचायला घेतलं! माझे पाय तासभर कापत होते.

त्या सकाळी माझ्या टोपलीत जेमतेम तळ झाकेल एवढी फुलं होती. तिची भरलेली. घरी आल्यावर ती अंगणात वाळत घालायची, मग पाणी आणायचं, मग भाकरी, मग शेत, आणि वाळून फुलं कितीतरी हलकी होतात, ती विकून मीठ-तेल. वय असेल साठच्या पुढे, नक्की कुणाला माहीत नव्हतं, तिलाही नाही.

ह्या जगण्यात सामान कमी आहे एवढं खरं. बाकी साधं त्यात मला काही सापडलं नाही. कोणता कंद उकळून पाणी टाकून दिल्यावरच खायचा, कोणत्या नक्षत्रात कुटकी (बारीक भरडधान्य) टाकायची, कोणतं झाड कोणत्या घराचं आहे म्हणून हात लावायचा नाही, हे सगळं डोक्यात ठेवावं लागतं, तुझ्या बँकेच्या सर्क्युलरपेक्षा जास्त असेल. आणि हे सगळं येऊनही भागत नाही, पेरणी-कापणी झाली की अर्धं गाव कामाला बाहेर निघतं, वीटभट्ट्यांवर, अमरावतीकडे, कुठेकुठे. होळीला सगळे परत येतात. तुझे काका होळीलाच ये म्हणतात ते त्याच्यासाठी, तेव्हाच सगळे भेटतात. नव्वदच्या दशकापासून पेपरात मेळघाट म्हटलं की कुपोषण हाच एक शब्द येतो, तो पण त्याच डोंगरातला आहे, तू तो वगळून फक्त शांतता घेऊ शकत नाहीस.

तर नोकरी सोडू नको. आत्या काही तुझ्या राजीनाम्याची वाट पाहत नाही. तिला विचार ना एकदा, आत्या, मी इथे येऊन राहू का, आणि ती काय म्हणते ते मला कळव, मला वाटतं ती आधी हसेल आणि मग विचारेल पगार किती आहे. वाटत असेलच तर एक काम कर, ऑगस्टमध्ये आठ दिवस रजा टाकून जा. झडी लागलेली, चूल धुरकट, लाकडं ओली, लाईट दोन दिवस नाही, फोनला रेंज नाही. तिच्यासोबत पाणी भर, निंदायला जा. त्या आठ दिवसांनंतरही राहावंसं वाटलं तर मग आपण परत बोलू, तेव्हा मी तुला अडवणार नाही.

बाबांबद्दल तू एकच ओळ लिहिली आहेस, की ते कोरकूत बोलले नाहीत, पण मला वाटतं पत्र सगळं त्याच एका ओळीचं आहे. असे वडील मी बरेच पाहिले. त्या पिढीची पोरं आश्रमशाळेत नाहीतर तालुक्याच्या शाळेत आली तेव्हा वर्गात मराठी, आणि घरची भाषा तोंडातून निघाली की पोट्टे हसायचे, "जंगलातून आला काबे." नागपुरात खोली भाड्याने पाहताना घरमालक विचारायचा तुम्ही कोण, तेव्हा "अमरावतीकडचे" म्हणून सोडून द्यायचं. चाळीस वर्षं "अमरावतीकडचे." त्यांना वाटलं असेल पोरांना हे ओझं नको. मी त्यांना बरोबरही म्हणत नाही आणि चूकही म्हणत नाही, तुझ्या आईला विचार, झोपेत ते कोणत्या भाषेत बोलायचे. तिला माहीत असेल.

भाषा तशी वेगळीच आहे बरं का. कोर म्हणजे माणूस, कू लावलं की अनेकवचन, कोरकू म्हणजे माणसं, बस, एवढंच नाव. मराठीशी नातं नाही, हिंदीशी नाही, शेजारच्या गोंडीशीही नाही. तिचं गोत पार झारखंडकडे, मुंडारी, संताली ह्या तिच्या बहिणी, आणि त्या सगळ्यांत ही एकटी पश्चिमेला सातपुड्यात येऊन राहिलेली. २०११च्या जनगणनेत सव्वासात लाखांच्या आसपास लोकांनी आपली भाषा कोरकू लिहिली. तुमच्या घरातून एक बोलणारा गेला आणि मागे कुणी नाही. तू आता काही पंडित होणार नाहीस, पण दहा शब्द घेऊन जा. पाणी म्हणजे दा. जोम म्हणजे खा. वाघ म्हणजे कुला, आणि त्याला तिकडे मामा म्हणतात, कुलामामा, आडनावाने हाक मारल्यासारखा नाही, नात्यातला. उच्चार चुकतील, गल्लीतली पोरं हसून लोटपोट होतील, होऊ दे. आत्याचं बोलणं मोबाईलवर रेकॉर्ड कर, पण तिला विचारून, आणि "काहीतरी सांग" म्हणू नको, त्याने कुणी बोलत नाही. बाबा लहानपणी कुठून पडले होते, कुणाचा मार खाल्ला, शाळेत कुणी नेलं, असं विचार.

आणि एक गोष्ट तुझ्या घरातच आहे, कपाटात. बाबांची नोकरी राखीव जागेवरची असेल तर त्यांची जात पडताळणीची फाईल असेलच. ती काढ. लोकांना ती फाईल म्हटलं की कटकट आठवते, चकरा आठवतात, पण आत काय असतं? प्रतिज्ञापत्रावर वंशावळ, आजोबा, पणजोबा, त्यांचे भाऊ. आजोबांच्या नाहीतर त्यांच्या भावाच्या शाळेची दाखल-खारीज नोंद, कोतवाल बुकाची नक्कल, त्यात कुणाच्या घरी कोणत्या साली पोर जन्मलं हे कोतवालाने लिहून ठेवलेलं. १९५०च्या आधीचे पुरावे मागतात म्हणून तुझ्या बाबांनी ते कुठून कुठून शोधून आणले असतील, जो माणूस गावाचं नाव घेत नव्हता त्याने स्वतःच्या हाताने आपली चार पिढ्यांची नावं लिहून दिली आहेत. त्याची झेरॉक्स काढ आणि होळीला काकांकडे घेऊन जा. त्यातली कितीतरी नावं त्यांना चेहऱ्यासकट माहीत असतील, तुला फक्त पेन घेऊन बाजूला बसायचं आहे.

जमिनीचं राहिलं. तुझा हक्क आहे का हे तू विचारलं नाहीस पण तुझ्या मनात आहे. हिंदू वारसा कायदा अनुसूचित जमातींना आपोआप लागू होत नाही, रूढी चालते, आणि रूढीच्या नावाखाली मुलींना बऱ्याचदा काही मिळत नाही. पण २०२५च्या जुलैमध्ये सुप्रीम कोर्टाने छत्तीसगडच्या एका गोंड कुटुंबाच्या केसमध्ये सांगितलं की मुलीला वाटा नाही अशी रूढी कुणी सिद्ध केली नसेल तर तिला डावलता येणार नाही, सारखा वाटा. म्हणजे दार उघडं आहे. पण ह्या होळीला ते दार ढकलू नको. वारस नोंद मात्र करून घे, आणि काकांना सांगून, त्यांच्या सोबत तलाठ्याकडे जाऊन (आता त्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं), मृत्यूचा दाखला जोडून. नियमाने तीन महिन्यांत कळवायचं असतं, आपल्याकडे तीस-तीस वर्षं कळवत नाहीत आणि सातबारा पणजोबांच्या नावावर लोंबकळत राहतो. नोंद म्हणजे वाटणी नाही, हे काकांना आधीच मोकळेपणाने सांग, नाहीतर त्यांना वाटेल पोरगी मुंड्याच्या निमित्ताने जमीन मोजायला आली. जमीन काकाच कसू दे. दरवर्षी घरची थोडी कुटकी नाहीतर मका माग, पायलीभर, बस. पैसे मागू नको.

नवऱ्याला सोबत ने. जबरदस्तीने नको, पण ने. अमरावती-परतवाडा करत सकाळी लवकर निघाल तर दुपारपर्यंत घाट चढाल, सेमाडोहला चहा प्या. मित्राला नेऊ नका. आत्यासाठी साडी नेणार असशील तर झुळझुळीत नको, धुवायला सोपी, गडद रंगाची ने. आणि गावच्या अलीकडे बायका-पोरी रस्त्यावर आडव्या येऊन गाडी थांबवतील, फगवा, म्हणजे होळीचे पैसे, मागतील, गातील, सोडणार नाहीत. घाबरायचं नाही, काच खाली करायची. दहा-वीसच्या नोटा नागपुरातूनच सुट्ट्या करून पुढच्या डॅशबोर्डवर ठेव, कारण पाचशेचे सुट्टे तिथे कुणापाशी नसतात आणि मग पाचशेच जातात, आमच्या ह्यांचे गेले होते.